मायग्रेन आणि बायपोलर: डोकं एक, डॉक्टर दोन

व्हॅल्प्रोएट या औषधाची गोष्ट गमतीशीर आहे. १८८२ साली बेव्हर्ली बर्टन या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने व्हॅल्प्रोइक आम्ल तयार केलं आणि पुढची ऐंशी वर्षं ते दुसरी रसायनं विरघळवण्यापुरतंच कामाचं मानलं गेलं. १९६०च्या दशकात फ्रान्समध्ये काही नव्या रसायनांची चाचणी चालू असताना सगळ्यांचाच आकडीवर गुण येतोय असं दिसलं. खोलात गेल्यावर कळलं, गुण त्या रसायनांचा नव्हताच. ती ज्यात विरघळवली होती त्या द्रवाचा होता. असं हे फिट्सचं औषध सापडलं. पुढे १९९५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ते बायपोलर या मनःस्थितीच्या आजारातल्या उन्मादासाठी मंजूर केलं आणि लगोलग १९९६ मध्ये मायग्रेन टाळण्यासाठीही.

एकच गोळी फिट्सवर, उन्मादावर आणि अर्धशिशीवर चालते म्हटल्यावर शंका येणारच: या सगळ्याचं मूळ एकच तर नाही? मायग्रेन असणाऱ्यांना ही शंका जास्त छळते. गूगलवर हे दोन शब्द एकत्र टाकले की धोक्याच्या मथळ्यांची रांग लागते, आणि रात्री दोन वाजता कपाळाला बाम चोळत ते वाचणाऱ्याची झोप पार उडते. मायग्रेन आणि बायपोलर यांचं नातं खरं आहे, त्याला चांगला पुरावा आहे. पण ते एका बाजूने घट्ट आणि दुसऱ्या बाजूने फार सैल आहे, आणि मथळ्यांत नेमकं हेच निसटतं.

आधी दोन्ही आजारांची तोंडओळख करून घेऊ.

मायग्रेनला मराठीत अर्धशिशी म्हणत असले तरी बऱ्याच घरांत त्याचं चालू नाव ‘पित्त’ असतं. पित्त उठलंय, उलटी झाली की मोकळं वाटेल, असं म्हणत माणसं वर्षानुवर्षं कोकम सरबत आणि मोरावळ्यावर काढतात. काहींना उलटीनंतर खरंच बरं वाटतं, त्यामुळे समज पक्का होतो. प्रत्यक्षात हा मेंदूचा आजार आहे आणि मळमळ हे त्याचं एक लक्षण. औषध न घेतल्यास एक झटका ४ ते ७२ तास चालतो. डोकं ठणकतं, बहुधा एका बाजूला; उजेड आणि आवाज सहन होत नाही; जिना चढलं तरी ठणका वाढतो. काहींना दुखण्याआधी ५ ते ६० मिनिटं डोळ्यांसमोर चमकत्या नागमोडी रेघा दिसतात, नजरेचा एखादा तुकडा गायब होतो किंवा बोटांना मुंग्या येतात. याला ऑरा म्हणतात. ब्राझीलच्या अरिस्टिडीस लेआव यांनी १९४४ मध्ये प्राण्यांच्या मेंदूत एक विद्युत लाट नोंदवली होती. ती मेंदूच्या पृष्ठभागावरून मिनिटाला साधारण ३ मिलिमीटर सरकते आणि मागे काही काळ पेशी गप्प करून जाते. ऑरा म्हणजे हीच लाट, असं आज मानलं जातं.

मायग्रेनचं एक अंग मात्र फारसं कुणी सांगत नाही. डोकं दुखायच्या आदल्या दिवशी अनेकांना जांभया येतात, चिडचिड होते, गोड खावंसं वाटतं. काहींना याउलट भलताच हुरूप येतो, घर आवरायला काढतात. दुखणं ओसरल्यावर बहुतेकांना पिळून काढल्यासारखं वाटतं, तर थोड्यांना विनाकारण आनंद होतो. म्हणजे मायग्रेन नुसतं डोक्यात दुखत नाही, मनःस्थितीलाही हात लावून जातं.

आता बायपोलर. ‘सकाळी हसतो, संध्याकाळी रडतो, बायपोलर आहे’ ही कट्ट्यावरची भाषा साफ चुकीची. बायपोलरमधले चढउतार तासांचे नसतात, दिवस आणि आठवड्यांचे असतात. उन्मादाचा काळ निदान आठवडाभराचा धरतात. झोप दोन-तीन तासांवर येते आणि तरी थकवा नसतो, बोलणं थांबत नाही, डोक्यात योजनांची गर्दी होते, पैसे उधळले जातात, कधीकधी भास-भ्रमही होतात. याची सौम्य आवृत्ती म्हणजे हायपोमेनिया, निदान चार दिवसांची. त्यात माणूस कामावर जातो, उलट जास्त काम करतो, गप्पा रंगवतो. घरच्यांना वाटतं, चला, गाडी रुळावर आली. पूर्ण उन्माद येऊन गेला असेल तर बायपोलर १. हायपोमेनिया आणि नैराश्य आलटून पालटून येत असतील तर बायपोलर २. दुसऱ्या प्रकारात आयुष्याचा मोठा हिस्सा नैराश्यात जातो आणि हायपोमेनियाबद्दल कुणी डॉक्टरकडे तक्रार घेऊन जात नाही. निदान वर्षानुवर्षं चुकतं ते इथे.

दोन्हींच्या नात्याचा पुरावा काही काल-परवाचा नाही. स्वित्झर्लंडमधल्या झुरिच शहरात तरुणांच्या एका गटाचा अनेक वर्षं पाठपुरावा केला गेला. कॅथलीन मेरिकँगस आणि ज्यूल्स आंग्स्ट यांच्या चमूने त्यावरून १९९० मध्ये दाखवलं की मायग्रेन असलेल्यांमध्ये नैराश्य, चिंता आणि बायपोलर छटेची लक्षणं जास्त आढळतात. यावर पहिला आक्षेप असा की आजारी माणसंच दवाखान्यात येतात, तिथे एकाला दोन आजार सापडणं सोपं. म्हणून कॅनडाच्या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणावरचं २००६ सालचं काम महत्त्वाचं ठरतं. ते दवाखान्यातल्या पेशंटांवर नव्हे, सर्वसाधारण लोकांवर होतं. त्यात बायपोलर असलेल्यांपैकी २४.८ टक्क्यांना मायग्रेन होतं, एकूण लोकांमध्ये १०.३ टक्क्यांना. दुसरा आक्षेप बायकांबद्दलचा. मायग्रेन बायकांमध्ये पुरुषांच्या सुमारे तिप्पट असतं, तेव्हा आकडे त्यामुळेच फुगले असतील? तसंही नाही, बायपोलर असलेल्या पुरुषांमध्येही मायग्रेन जास्त भरलं. २०१५ मध्ये अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा ३५ टक्क्यांच्या आसपास येतो. बायपोलर २ मध्ये तो बायपोलर १ पेक्षा बराच जास्त.

थोडक्यात, बायपोलर असलेल्या दर तीन माणसांतल्या एकाला मायग्रेन. ही झाली घट्ट बाजू.

सैल बाजूसाठी थोडं गणित करू. दहा हजार प्रौढ माणसांचं एक गाव धरा. मायग्रेन जगभरात सुमारे १५ टक्के लोकांना असतं, तेव्हा गावात पंधराशे जणांना ते असेल. बायपोलर एक टक्का धरलं तर शंभर जण. त्या शंभरांतल्या पस्तीस जणांना मायग्रेनही आहे. आता उलट बाजूने बघा: मायग्रेनच्या पंधराशे जणांत बायपोलर असलेले हेच पस्तीस. म्हणजे शंभरात दोन-अडीच. उरलेल्या साडेसत्त्याण्णवांना मायग्रेन आहे, पण बायपोलर नाही. आपल्याकडे तर हे पारडं आणखी झुकतं. कर्नाटकात केलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत वर्षभरात मायग्रेन होणाऱ्यांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर निघालं. आणि २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आयुष्यात कधीतरी बायपोलर झालेल्यांचं प्रमाण ०.५ टक्के. मायग्रेन हा इतका सर्रास आढळणारा आजार आहे की नुसत्या त्याच्यावरून बायपोलरचा अंदाज बांधणं म्हणजे चष्मा आहे म्हणून माणूस हुशार ठरवणं.

नातं का आहे, याचं एका वाक्यात देता येईल असं उत्तर नाही. दोन्ही आजार घराण्यात चालतात, म्हणून जनुकांकडे बोट जातं. जनुकांच्या शोधात दोन्हीकडे एक समान धागा हाती लागला. मेंदूपेशींच्या आवरणात कॅल्शियमची ये-जा सांभाळणाऱ्या वाहिन्या असतात. शरीराच्या एका बाजूची ताकद तात्पुरती जाते अशा दुर्मिळ, आनुवंशिक मायग्रेनचं एक जनुक १९९६ मध्ये सापडलं, ते अशाच एका वाहिनीचं. २००८ मध्ये बायपोलरशी जोडलं गेलेलं एक ठळक जनुकही कॅल्शियम वाहिनीचंच, पण वेगळ्या. दोन्ही आजारांत पेशी लवकर चेतवल्या जातात आणि शांत व्हायला वेळ लावतात, अशी कल्पना यातून पुढे आली. फिट्सची काही औषधं दोन्हीकडे का चालतात, हे तिच्यातून बऱ्यापैकी उलगडतं.

मग मोठे अभ्यास आले आणि चित्र गुंतागुंतीचं झालं. २०१८ मध्ये मेंदूच्या पंचवीस आजारांची जनुकीय तुलना प्रसिद्ध झाली. तीत मायग्रेनचं जनुकीय साम्य मुख्यतः नैराश्य आणि एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता) यांच्याशी ठळक दिसलं, बायपोलरशी नाही. २०२२ मध्ये वेगळ्या पद्धतीने पाहिल्यावर कळलं की मायग्रेन आणि बायपोलर यांची जनुकं बरीच सामाईक आहेत, पण त्यातली काही दोन्हींचा धोका वाढवतात, तर काही एकाचा वाढवून दुसऱ्याचा कमी करतात. बेरीज केली की एकमेकांना खोडतात. माझ्या मते मथळ्यांनी लपवलेली सगळ्यात रंजक गोष्ट ही आहे. एकाच विटांनी दोन वेगळी घरं बांधलेली आहेत. मायग्रेन म्हणजे बायपोलरची सुरुवात, हे म्हणणं त्यामुळेच टिकत नाही.

जनुकांपेक्षा रोजच्या जगण्यात जास्त जाणवणारा दुवा म्हणजे झोप. कमी झोपेने मायग्रेनचा झटका येतो, कधी जास्त झोपेनेही. आणि बायपोलर असलेल्या माणसाला एखाद-दोन रात्रींचं जागरण उन्मादाकडे ढकलू शकतं. रात्रपाळी, अमेरिकेच्या वेळेप्रमाणे चालणारं ऑफिस, गणपतीत ढोल-ताशाचा सराव आणि मग विसर्जनाची अख्खी रात्र, लग्नघरातली जागरणं: दोन्ही आजार ज्याला आहेत त्याने यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे आधी ठरवावं लागतं. घरच्यांनाही हे माहीत असलेलं बरं, नाहीतर ‘एका रात्रीने काय होतंय’ हे वाक्य ठरलेलं.

निदानातली खरी अडचण अशी. समजा, एक बाई मायग्रेन आणि उदासी घेऊन डॉक्टरांकडे आली. चित्र ओळखीचं आहे: सततच्या डोकेदुखीने माणूस खचतोच. नैराश्याची गोळी सुरू होते. नैराश्य साधं असेल तर उत्तम. पण ते बायपोलर २ मधलं असेल आणि आधीच्या चढत्या काळाबद्दल कुणी विचारलंच नसेल, तर नुसत्या नैराश्यविरोधी गोळीने काहींना चढ येतो, झोप उडते, अस्वस्थता वाढते. म्हणून मायग्रेनसोबत नैराश्य असेल तर विचारायला हवा तो प्रश्न असा: सलग काही दिवस झोप कमी होऊनही तरतरी होती, बोलणं-खर्च-धाडस वाढलं होतं, आणि हे लोकांच्या लक्षात आलं होतं, असं कधी झालंय का? डॉक्टरांनी विचारलं नाही तर आपण सांगावं. मायग्रेनच्या आदल्या दिवसाचा हुरूप यात मोजायचा नाही. तो काही तासांचा, फार तर दिवसाचा, आणि पाठोपाठ डोकं दुखतंच. घरात कुणाला बायपोलर असेल तर तेही सांगावं. ही माहिती बहुधा नवऱ्याला, बहिणीला किंवा आईला जास्त अचूक आठवते, तेव्हा त्यांनाच सोबत न्यावं.

मायग्रेन जोडीला असलेलं बायपोलर जरा जास्त त्रास देतं, असंही बऱ्याच अभ्यासांत दिसतं. नैराश्याचे काळ जास्त, चिंता जास्त, आणि ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासानुसार वर्षात चार किंवा अधिक वेळा चढउतार होण्याचं प्रमाणही जास्त. आत्महत्येच्या विचारांचा धोकाही यात वाढतो. असे विचार येत असतील तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नये. टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं.

आता चिठ्ठ्यांकडे येऊ. सायकियाट्रिस्टची एक, न्यूरोलॉजिस्टची किंवा फॅमिली डॉक्टरची दुसरी, आणि मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या गोळ्यांची तिसरी, न लिहिलेली. घोटाळे होतात ते या तिसरीमुळे.

सगळ्यात महत्त्वाचं औषध लिथियम. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी त्याचा उन्मादावरचा गुण दाखवला. आजही बायपोलरवर त्याच्या तोडीचं औषध सापडणं कठीण. पण त्याची उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर कमी आहे. रक्तात दर लिटरला साधारण ०.६ ते १.० मिलिमोल ठेवायचं असतं आणि १.५च्या वर विषबाधेची भीती. लिथियम मूत्रपिंडातून बाहेर पडतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन या नेहमीच्या डोकेदुखीच्या गोळ्या नेमकी तीच वाट अडवतात आणि लिथियम रक्तात साचतं. मायग्रेनचा झटका आला की याच गोळ्या घेतल्या जातात, कधी दिवसाला दोन-तीन. वर उलट्यांनी शरीरातलं पाणी कमी होतं, तेव्हा लिथियम आणखी चढतं. आणि लिथियम वाढल्याची लक्षणं काय? मळमळ, उलट्या, जुलाब, हाताला जोराची थरथर, चालताना झोक जाणं, जीभ जड होणं. पहिली दोन बघून घरात निदान होतं, ‘पित्त झालंय’. लिथियम घेणाऱ्याला उलट्यांसोबत थरथर किंवा तोल जाणं दिसलं, तर ते पित्त समजू नये, तडक दवाखाना गाठून लिथियमची पातळी तपासावी. वेदनेसाठी पॅरासिटामॉलचा लिथियमशी तसा झगडा नाही. डोकेदुखीसाठी दुसरी कोणती गोळी चालेल हे झटका येण्याआधीच विचारून ठेवावं.

मायग्रेन टाळायला रोज घ्यायच्या गोळ्यांचंही तसंच. प्रोप्रॅनोलॉल इथे सोयीचं पडतं: ते मायग्रेन टाळतं आणि लिथियमने होणारी हाताची बारीक थरथरही कमी करतं (दम्याच्या पेशंटला मात्र ते देत नाहीत). कँडेसार्टन हे ब्लड प्रेशरचं औषध मायग्रेनवरही देतात, पण लिथियमसोबत तेही पातळी वाढवतं. फ्लुनारिझिन आपल्याकडे भरपूर लिहिलं जातं. त्याने वजन वाढतं आणि काहींना नैराश्य येतं, त्यामुळे ज्याला आधीच नैराश्याचे फेरे येतात त्याला देताना डॉक्टर बिचकले तर नवल नाही. अमिट्रिप्टिलिन मायग्रेनसाठी १०-२५ मिलिग्रॅम इतक्या कमी मात्रेत देतात. मूड सांभाळणारं औषध चालू असेल तर एवढ्या मात्रेचा चढ येण्याचा धोका कमीच, पण सायकियाट्रिस्टला माहीत हवं. व्हेनलाफॅक्सिनच्या बाबतीत सावधगिरी जास्त, कारण त्याने चढ येण्याची शक्यता इतर काही नैराश्यविरोधी औषधांपेक्षा अधिक दिसली आहे. हट्टी मायग्रेन मोडायला कधी चार दिवस स्टेरॉइड देतात. बायपोलर असलेल्याला तेवढ्यानेही उन्माद येऊ शकतो.

उरलेल्या जोड्यांत एक गंमत आहे. टोपिरामेट मायग्रेनवर उत्तम चालतं, पण उन्मादावरच्या चाचण्यांत ते सपशेल पडलं. लॅमोट्रिजिनने बायपोलरमधलं नैराश्य लांबतं, पण साध्या मायग्रेनवर ते उपयोगाचं ठरलं नाही. लिथियम मायग्रेनवर चालत नाही, पण क्लस्टर नावाच्या दुसऱ्याच भयंकर डोकेदुखीवर वापरतात. दोन्ही आजार मुळात एकच असते तर असं झालं नसतं. दोन्हीकडे खऱ्या अर्थाने मंजूर असलेलं व्हॅल्प्रोएट उरतं, आणि एका गोळीत दोन कामं होतात म्हणून ते मोहात पाडतं. पण दिवस जाऊ शकतील अशा वयाच्या बाईसाठी हा मोह महागात पडतो. गरोदरपणात व्हॅल्प्रोएट घेतलं तर साधारण दहात एका बाळात जन्मजात व्यंग राहतं, आणि ३० ते ४० टक्के मुलांच्या बौद्धिक वाढीत अडचणी दिसतात. मायग्रेन सर्वाधिक असतं ते याच वयात. लग्न ठरल्यावर किंवा बाळाचा विचार सुरू झाल्यावर गोळ्या मनानेच बंद करणंही तितकंच वाईट, कारण बायपोलर उलटून येतं. ही चर्चा दिवस जाण्याच्या कितीतरी आधी व्हायला हवी.

सुमाट्रिप्टान, रिझाट्रिप्टान या झटक्याच्या वेळच्या गोळ्यांबद्दल उगाच घबराट आहे. २००६ मध्ये अमेरिकेत इशारा निघाला होता की नैराश्यविरोधी गोळ्यांसोबत त्या घेतल्यास सेरोटोनिन हे शरीरातलं रसायन घातक प्रमाणात वाढेल. नंतर हजारो पेशंटांची माहिती पाहिल्यावर हा धोका अगदी नगण्य निघाला. नव्या पिढीची, महिन्याला एक इंजेक्शन अशी एरेनुमॅबसारखी औषधं २०१८ पासून आहेत. ती यकृतात इतर औषधांशी भांडत नाहीत, लिथियमच्याही वाटेला जात नाहीत. अडचण किमतीची.

वेदनाशामकांची सवय हा आणखी एक सापळा. साध्या गोळ्या महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि ट्रिप्टान किंवा मिश्र गोळ्या १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं की गोळ्यांमुळेच रोज डोकं दुखू लागतं. नैराश्यात बुडालेल्या माणसाला दिवस मोजण्याचं भान नसतं, म्हणून कॅलेंडरवर गोळीच्या दिवशी फुली मारणं हा उपाय कुठल्याही ॲपपेक्षा सरस. त्याच चौकोनात किती तास झोप झाली आणि मूड कसा होता हेही लिहिलं, तर तीन महिन्यांत डॉक्टरांना बरंच काही दिसतं. बायकांनी पाळीची तारीखही लिहावी, कारण मायग्रेनचे बरेच झटके त्या दोन-तीन दिवसांतच येतात.

उपासाबद्दल आपल्याकडे वेगळं बोलायला हवं. पोट रिकामं राहिलं की मायग्रेन येतं, हे संकष्टी धरणाऱ्या अनेकींना अनुभवाने माहीत आहे. पण हरतालिकेचा निर्जळी उपास किंवा रमजानचे रोजे लिथियमवर असताना करायचे तर विषय डोकेदुखीपुरता राहत नाही. पाणी कमी झालं की पातळी चढते, विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तर आणखीच. उपास सोडा असं सरसकट सांगण्याची गरज नाही. गोळीची वेळ बदलणं, आधी-नंतर रक्त तपासणं, पाणी आणि मीठ यांचा हिशेब ठेवणं हे डॉक्टरांशी ठरवता येतं. फक्त ते आधी ठरवावं लागतं. आणि लिथियमची तपासणी शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी करायची असते. रात्री नऊला गोळी घेतली असेल तर रक्त सकाळी नऊला द्यायचं आणि सकाळची गोळी असेल तर ती त्यानंतर घ्यायची. लॅबमध्ये हे कुणी विचारेलच असं नाही.